बंद पडला की कोणी बंद केला?

वाचकांचे प्रश्न : लिनक्स आणि तापणारा लॅपटॉप

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, लॅपटॉप तापतो आणि मधेच बंद पडतो, म्हणून म्हटलं सगळे एकत्रच घेऊन टाकू. एक आधीच सांगते, कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापलीयेत, टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची, नाहीतर मागच्या वेळेसारखं ‘कमांड सापडत नाही असं येतंय’ म्हणून पुन्हा पत्रं येतील.

प्रश्न : ताई, लॅपटॉप चार वर्षं जुना आहे, त्यावर उबुंटू आहे. कोड कंपाइल करायला लावला किंवा व्हिडिओ कॉल अर्धा तास चालला की फटकन स्क्रीन काळी आणि सगळं बंद. कूलिंग पॅड घेतला, दोनदा फॉरमॅट मारला, डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलून बघितली, काही फरक नाही. खालून हात लावला तर चटका बसतो. आता काय करू?

उत्तर : तुम्ही औषधं तीन घेतलीत पण तपासणी एकही केली नाही. चटका बसतोय म्हणजे गरम आहे हे खरं, पण म्हणून गरमीनेच बंद पडतोय हे अजून ठरायचंय. लॅपटॉप असा अचानक बंद होतो तेव्हा ते करणारे साधारण तीन जण असू शकतात आणि त्यातला कोण हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिला संशयित कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्सचा कर्नल तापमानावर लक्ष ठेवून असतो, मशीनच्या फर्मवेअरने (आत कायम बसवलेल्या प्रोग्रामने) सांगितलेली धोक्याची रेषा ओलांडली की तो स्वतःहून सिस्टिम बंद करायला घेतो. हा तसा सज्जन माणूस, सांगून जातो, लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, ‘क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड, शटिंग डाउन’ अशा अर्थाची ओळ टाकतो, सर्व्हिस एकेक करून थांबवतो आणि मगच पॉवर काढतो. दुसरा संशयित प्रोसेसर स्वतः. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तिथे पोचला की आधी तो आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढतच राहिलं तर बरंच वर गेल्यावर हार्डवेअर थेट वीज तोडतं, कर्नलला विचारत नाही, कोणाला काही सांगत नाही. तिसरा संशयित वीजपुरवठा, म्हणजे बॅटरी, अडॅप्टर नाहीतर चार्जिंगची पिन. हा इतका साधा वाटतो की याच्याकडे कोणी बघतच नाही.

आता ओळखायचं कसं. बंद पडल्यावर पुन्हा चालू केलात की पहिली कमांड, जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश बी, स्पेस, डॅश १. ही आत्ताच्या नाही तर मागच्या वेळच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी मशीन चालू केल्यापासूनचा, लॉग दाखवते. कीबोर्डवरचं एंड बटण दाबून थेट शेवटाला जा. शेवटच्या ओळींत सर्व्हिस थांबल्याच्या नोंदी रांगेत दिसल्या, पॉवर ऑफचं टार्गेट गाठलं असं दिसलं, तर कोणीतरी रीतसर बंद केलंय, मग थोडं वर जाऊन क्रिटिकल हा शब्द शोधा. पण लॉग मधेच तुटलेला असेल, ब्लूटूथची नाहीतर वायफायची कसलीतरी फालतू नोंद आणि त्यापुढे काहीच नाही, तर वीज गेलीये, संशयित दुसरा किंवा तिसरा. याला दुजोरा नव्या बूटच्या लॉगमध्ये मिळतो, सुरुवातीलाच जर्नलची, म्हणजे याच लॉगची, फाइल नीट बंद झाली नव्हती अशी तक्रार असते. लास्ट डॅश एक्स ही कमांडही अशा वेळी क्रॅश असं दाखवते.

मागच्या बूटचा लॉगच नाही असं उत्तर आलं तर घाबरू नका, काही सिस्टिमवर जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि रीस्टार्ट झालं की पुसला जातो. व्हार, त्यात लॉग आणि त्यात जर्नल असा फोल्डर रूटने, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, करून ठेवला आणि एकदा रीस्टार्ट केलं की पुढपासून टिकतो.

इथे एक मेख आहे. जर्नल साध्या नोंदी दर क्षणी डिस्कवर पक्क्या करत नाही, डीफॉल्ट अंतर ५ मिनिटांचं आहे, फक्त अतिगंभीर नोंदी लगेच लिहितो. म्हणजे वीज फटकन गेली तर शेवटची काही मिनिटं, नेमकी तुम्हाला हवी तीच, गायब असू शकतात! म्हणून मी अशा मशीनवर स्वतःची नोंदवही ठेवते. एलएम सेन्सर्स हे पॅकेज टाका, सेन्सर्स डिटेक्ट एकदा चालवून घ्या, आणि टर्मिनलमध्ये एक साधा व्हाइल लूप लावा ज्यात डेट, मग सेन्सर्स, मग बॅटरीसाठी यूपॉवर डॅश डी, मग सिंक आणि शेवटी स्लीप ५, आणि हे सगळं एका टेक्स्ट फाइलला जोडत जायचं. सिंक विसरू नका, खरी गंमत त्यातच आहे, तो दर वेळी फाइल डिस्कवर उतरवतो. मग दुसऱ्या खिडकीत कंपाइल सुरू करा आणि निवांत बसा, लॅपटॉपला मरू द्या.

चालू केल्यावर त्या फाइलचं शेवटचं पान वाचा. कोरचे, म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्यांचे, आकडे ९८, ९९, १०० असे टेकलेले असतील आणि पंख्याचा आरपीएम शून्य किंवा अडखळता असेल तर गरमीच, मग साफसफाई आणि पंख्याकडे वळा, खाली त्यावर एक प्रश्न आहेच. पण शेवटची नोंद ७० अंशांची असेल, पंखा छान फिरत असेल आणि तरी खेळ खल्लास, तर मग पुढचं उत्तर तुमच्यासाठी. आणि स्क्रीन गोठून कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहत असेल तर तो वेगळाच विषय, कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळणं, त्यात पंख्याचा काही दोष नाही.

प्रश्न : माझा लॅपटॉप ४० टक्के बॅटरी दाखवत असताना बंद पडतो. चार्जर लावून चालू केला की बॅटरी ६ टक्के दाखवतो! यूपॉवरमध्ये बघितलं तर मूळ क्षमता ४८ आणि आत्ताची फुल क्षमता १९.६ वॅट अवर असं आहे. सगळे म्हणतात लिनक्समुळे गरम होतो म्हणून बंद पडतो, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलून घे.

उत्तर : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. १९.६ भागिले ४८ केलं तर ४१ टक्केही येत नाही, म्हणजे तुमची बॅटरी निम्म्याहून जास्त संपलीये आणि तिच्यावर पेस्टचा काय परिणाम होणार.

होतं काय की बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. निवांत टायपिंग चाललंय तोवर ठीक, पण प्रोसेसरने टर्बो मारला, म्हणजे वेग एकदम वाढवला, आणि एकदम जास्त वीज मागितली की बॅटरीचं व्होल्टेज धपकन खाली बसतं, बॅटरीतलं संरक्षण सर्किट म्हणतं बास आणि पुरवठा तोडतं. टक्केवारी हा शेवटी एक अंदाज असतो, म्हणून आधी ४० आणि मग ६, दोन्ही वेळा बिचारा सॉफ्टवेअर त्याला कळलं तेच सांगत होता.

खात्री सोपी आहे, अडॅप्टर लावून तेच काम तितकाच वेळ करा. नाही बंद पडला तर बॅटरीच. मात्र अडॅप्टर लावूनही पडला तर बॅटरी सुटली असं लगेच म्हणू नका, बऱ्याच मशीनमध्ये अडॅप्टरला न पेलणारा क्षणभराचा झटका बॅटरी उचलते, आणि तीच खिळखिळी असेल तर दोघं मिळून झोपतात. तसंच अडॅप्टर मूळचाच आहे ना, त्यावरचे वॅट मशीनला लागतात तेवढे आहेत ना, पिन हलवली की चार्जिंगचा दिवा जातो का, हे बघून घ्या. नवीन बॅटरी येईपर्यंत टर्बो बंद ठेवून काम चालेल. इंटेलवर सिस फोल्डरात डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू, इंटेल पीस्टेट असं आत गेलं की नो टर्बो नावाची फाइल सापडेल, तिच्यात रूटने १ लिहायचा. रीबूट केलं की आपोआप पूर्ववत होतं, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर हे सगळं सोडून द्या, चार्जिंग बंद, वापर बंद, ती बॅटरी आधी बाहेर काढून घ्या, स्वतः टोचाटोची न करता.

प्रश्न : विंडोजवर थंड असतो, लिनक्सवर नुसता यूट्यूब लावला तरी पंखा विमानासारखा. बंद नाही पडत पण स्लो होतो. टीएलपी टाकलं, ऑटो सीपीयूफ्रेक टाकलं, पॉवर प्रोफाइल्स पण आहे, थर्मलडी पण आहे.

उत्तर : एवढे सगळे ड्रायव्हर एका स्टिअरिंगला! टीएलपी, ऑटो सीपीयूफ्रेक आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन हे वीज वाचवणारे तिघं प्रोग्राम एकाच सेटिंग्जवर हात टाकतात, एकाने कमी केलेलं दुसरा वाढवतो. यातला कुठलाही एकच ठेवा, मला विचाराल तर डेस्कटॉपबरोबर आलेला पॉवर प्रोफाइल्स पुरेसा आहे. थर्मलडी मात्र राहू द्या, तो इंटेलचाच आहे आणि त्याचं काम वेगळं, तापमान धोक्याच्या जवळ जायच्या आत लगाम खेचणं.

आता यूट्यूब. टॉप किंवा एचटॉप उघडून बघा, व्हिडिओ चालू असताना ब्राउझर किती सीपीयू खातोय. दोन तीन कोर भरून वाहत असतील तर व्हिडिओ ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर स्वतः उलगडत बसलाय. व्हीएइन्फो ही कमांड यादी दाखवते की तुमच्या चिपला कुठले फॉरमॅट उलगडता येतात, ती एररच देत असेल तर व्हीए एपीआयचा, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घेण्याच्या सोयीचा, ड्रायव्हर बसलेला नाही, तो टाका. फायरफॉक्सने इंटेलच्या चिपवर लिनक्ससाठी ही सोय २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून आपणहून चालू केली, त्यामुळे फार जुना ब्राउझर धरून बसला असाल तर तोही अपडेट करा.

दुसरी शक्यता, लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं वेगळं कार्ड आहे का? असेल तर ते झोपलंय की उगाच जागं बसलंय ते बघायला हवं. आणि ते एनव्हिडिया एसएमआय चालवून बघू नका, कारण ती कमांडच कार्डाला उठवते आणि मग तुम्ही म्हणणार बघा जागंच आहे :) एलएसपीसीआयमधून कार्डाचा पत्ता घ्या, सिस, बस, पीसीआय, डिव्हायसेस यात त्या पत्त्याचा फोल्डर असतो, त्यात पॉवरमध्ये रनटाइम स्टेटस ही फाइल वाचा. सस्पेंडेड हवं. काही न करता अॅक्टिव्ह असेल तर उबुंटूवर प्राइम सिलेक्ट ऑन डिमांड करून रीस्टार्ट मारा आणि पुन्हा बघा.

स्लो होणं म्हणजे बहुधा थ्रॉटलिंग, प्रोसेसरने स्वतःचा वेग कापणं. इंटेलवर ते मोजलेलं असतं, सीपीयू० च्या फोल्डरात थर्मल थ्रॉटल आणि त्यात कोर थ्रॉटल काउंट. व्हिडिओ लावायच्या आधी आणि नंतर तो आकडा वाचा, वाढला तर गरमीने वेग कापला जातोय, नाही वाढला तर स्लो होण्याचं कारण दुसरीकडे आहे.

आणि हो, सिस्टिम नवीन टाकल्यावर पहिले काही तास फाइल इंडेक्सर, म्हणजे जीनोमवर लोकलसर्च (पूर्वीचं नाव ट्रॅकर) आणि केडीईवर बालू, सगळा होम फोल्डर चाळत असतात, तेव्हा पंखा ओरडणारच, त्याच दिवशी निकाल देऊ नका.

प्रश्न : मित्राने सांगितलं की बूट ऑप्शनमध्ये थर्मल डॉट ऑफ इज इक्वल टू १ टाक म्हणजे बंदच पडणार नाही. टाकू का? आमच्याकडे लॉगमध्ये क्रिटिकल टेम्परेचर असंच येतं.

उत्तर : नको! धुराचा अलार्म वाजतोय म्हणून त्याचा सेल काढून ठेवण्यातला प्रकार आहे तो. कर्नल रखवाली सोडेल, प्रोसेसरचं स्वतःचं शेवटचं संरक्षण तेवढं राहील, पण त्याच्या शेजारी बसलेली बॅटरी, एसएसडी आणि वीज पुरवणारे भाग तोवर भाजून निघतील त्याचं काय.

एकच अपवाद, सेन्सर खोटं बोलत असेल तर. कोरचं तापमान एका सेकंदात ५० वरून ९० ला उडी मारू शकतं, ते नॉर्मल आहे. पण सगळे कोर ५५ दाखवतायत, हाताला मशीन कोमट लागतंय आणि एसीपीआयचा झोन, म्हणजे फर्मवेअरने कळवलेलं तापमान, तेवढा एकटा १२७ म्हणतोय, तर तो आकडा फर्मवेअरची चूक असण्याची शक्यता जास्त. तिथेही पहिला उपाय बायोस, म्हणजे त्याच फर्मवेअरचं, अपडेटच, एफडब्ल्यूअपडीएमजीआर गेट अपडेट्स चालवून बघा, तुमचं मॉडेल त्यात असेल तर लिनक्समधूनच अपडेट होतो. ते करूनही तोच आकडा येत राहिला तर थर्मल डॉट नोसीआरटी हा ऑप्शन आहे, जो फक्त क्रिटिकल आणि हॉट रेषेवरची कारवाई थांबवतो, पण तो सेन्सर खोटा आहे हे स्वतः लिहून काढलेल्या आकड्यांवरून सिद्ध झालं असेल तरच. मित्राचं मशीन आणि तुमचं मशीन एक नाही.

प्रश्न : थर्मल पेस्ट दर सहा महिन्यांनी बदलावी का?

उत्तर : काही गरज नाही. आधी धूळ बघा, निम्म्या वेळा पेस्टच्या नावाने बिल फाटतं आणि दोषी धूळ असते. माझाच जुना लॅपटॉप नुसता ब्राउझर उघडला तरी ९५ ला जायचा, मी खालच्या जाळीतून हवा मारून मारून थकले, वरून सगळं चकाचक. शेवटी स्क्रू काढून पंखा उचलला तर पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्या मधल्या फटीत करड्या रंगाचा अख्खा नमदा जमलेला, चिमट्याने धरला तर एका तुकड्यात निघाला, रुमालाची घडी निघावी तसा. बाहेरून हवा मारून तो निघणारच नव्हता, उलट मीच तो आत दाबून बसवत होते. बसवून चालू केला, तेच काम, ६८ अंश. पेस्टला हातही लावला नव्हता.

उघडणार असाल तर दोन गोष्टी. मशीन बंद करून, अडॅप्टर काढून, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. धूळ काढूनही लोड दिल्यादिल्या दोन तीन सेकंदांत तापमान १०० ला भिडत असेल आणि पात्यांतून येणारी हवा मात्र गारच असेल, तर उष्णता प्रोसेसरकडून पात्यांपर्यंत पोचतच नाहीये, मग पेस्ट वाळलीये किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. तेव्हा जरूर बदला.

प्रश्न : झाकण बंद करून बॅगेत ठेवला, दोन तासांनी काढला तर भट्टी, आणि बॅटरी संपून बंद. सस्पेंड तर केला होता.

उत्तर : सस्पेंड दोन जातीचे आहेत. सिस, पॉवर यात मेम स्लीप नावाची फाइल वाचा, तिथे एस२आयडल आणि डीप असे शब्द दिसतील, चौकटी कंसात असेल तो सध्या चालू. डीपमध्ये मेमरी सोडून जवळपास सगळ्याची वीज जाते. एस२आयडलमध्ये मशीन डुलकी घेतं, कोणी जरा हाक मारली की उठून बसतं, आणि बॅगेत उठलं तर हवा जायला जागाच नाही. डीप हा शब्द यादीत असेल तर बूट ऑप्शनमध्ये मेम स्लीप डीफॉल्ट इज इक्वल टू डीप टाका, शब्दांच्या मधे अंडरस्कोर. मग दोनचार वेळा झोपवून उठवून बघा, काही मशीन डीपमधून नीट उठत नाहीत. बऱ्याच नव्या मशीनमध्ये डीप दिलेलाच नसतो, त्यांनी हायबरनेट (मेमरी डिस्कवर उतरवून पूर्ण बंद होणं) लावून घ्यावं, त्याला पुरेसा स्वॅप, म्हणजे डिस्कवर मेमरीसाठी राखलेली जागा, लागतो. ते जमत नसेल तर बॅगेत टाकायच्या आधी सरळ शटडाउन करा, हल्ली बूट व्हायला लागतो किती वेळ.

कोण उठवतंय हे बघायचं तर लॉगमध्ये सस्पेंड एंट्री आणि सस्पेंड एक्झिट या ओळी शोधा. झोपला आणि मिनिटभरात उठला असं दिसलं तर प्रॉक, एसीपीआय, वेकअप ही फाइल वाचा, उठवायची परवानगी कोणाकोणाला आहे ते त्यात आहे. वायरलेस माउसचा इवलासा रिसीव्हर तसाच खोचून ठेवायची सवय असेल तर आधी तो काढून बघा.

प्रश्न : सेन्सर्स कमांड माझ्या एसएसडीची कमाल मर्यादा ६५२६१.८ अंश आणि किमान उणे २७३.१ दाखवते. डिस्क जाणार का?

उत्तर : सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तुमची डिस्क आरामात टिकेल. तुमच्यासारखी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी डिस्क तापमान केल्विनमध्ये १६ बिटांत ठेवते, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५५३५, त्यातून २७३.१५ वजा करा, आलं तुमचं उत्तर. किमानचा शून्य केल्विन म्हणजे उणे २७३. त्या सेन्सरला मर्यादा ठरवून दिलेलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही कंपोझिट नावाची ओळ बघा, तिच्यापुढे डिस्कने स्वतः सांगितलेली खरी मर्यादा असते, आणि मोठी फाइल कॉपी करताना आकडा तिच्या किती जवळ जातो तेवढं तपासा.